मास्तरांच्या गाडीचं मिक्चर

देवासमध्ये माझ्या थोरल्या भावाला लोक 'ॲव्हरेजवाला' म्हणत. गाडी एका लिटरमध्ये किती पळते याला आमच्याकडे ॲव्हरेज म्हणतात, आणि ते वाढवून देण्यात दादाचा हात धरणारा दुसरा मिस्त्री त्या काळी गावात नव्हता. उज्जैन रोडला पत्र्याच्या छपराखाली त्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. सोयाबीन घेऊन मंडीत आलेले लोक गाडी त्याच्याकडे लावून जायचे आणि ते परत येईपर्यंत दादानं कार्ब्युरेटर खोलून, धुऊन, पुन्हा बसवलेला असायचा.

कार्ब्युरेटरचं काम सांगायला सोपं आहे. तो पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला देतो. पेट्रोल जास्त झालं तर मिक्चर दाट होतं, गाडी धूर ओकते. हवा जास्त झाली तर मिक्चर पातळ होतं, पेट्रोल वाचतं, पण इंजिन तापतं. फारच पातळ झालं तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. तेव्हाच्या टू-स्ट्रोक गाड्यांना तेलही पेट्रोलमधूनच मिळायचं, म्हणजे पेट्रोल कमी तर तेलही कमी. ॲव्हरेज वाढवायचं तर मिक्चर पातळ करत करत एका रेषेपर्यंत जायचं आणि तिच्या अलीकडे थांबायचं. दादाला ती रेषा कानानं कळायची. हवेचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवताना तो डोळे मिटून घ्यायचा. मग गाडी स्वतः फिरवून आणायचा आणि प्लग खोलून त्याचा रंग बघायचा. रंग बदामी हवा. पांढरट दिसला की तो जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी, बदलायचा, मग गिऱ्हाईक कितीही कुरकुरो.

आमचे बाबा जळगावकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले होते. आम्ही दोघं इथेच जन्मलो, हिंदी शाळेत शिकलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दादा आठवीनंतर शाळेत गेला नाही. मी मात्र डिप्लोमा केला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी धार जिल्ह्यात पीथमपूरला, गाड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. धारला एका मराठी कुटुंबाच्या माडीवर खोली घेतली होती. कारखान्याची बस सकाळी न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. पंधरा दिवसांतून एकदा सुटीला देवासला यायचो.

ती नोकरी मला मिळाली त्यात मास्तरांचा वाटा होता. मास्तर खातेगावला सरकारी शाळेत गणित शिकवायचे. त्यांचं घर आणि बायको देवासलाच. शनिवारी दुपारी ते मोटरसायकलवर यायचे आणि सोमवारी सकाळी परत जायचे. रस्ता शंभर किलोमीटरच्या वर, मध्ये घाट. गाडी शंभर सीसीची टू-स्ट्रोक. शनिवारी घरी जाण्याआधी ते दादाच्या बाकड्यावर तासभर बसत, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत आणि दादाच्या मुलीची गणिताची वही तपासत. माझा नोकरीचा अर्ज इंग्रजीत त्यांनीच लिहून दिला होता. मी तो चार वेळा खराब केला, त्यांनी चार वेळा लिहून दिला.

ॲव्हरेजचा त्यांना नाद होता. पेट्रोल परवडत नव्हतं असं काही नाही. त्यांना तो हिशेबच आवडायचा. गाडीच्या टाकीवर छोटी डायरी बांधलेली असायची आणि प्रत्येक फेरीचे किलोमीटर ते त्यात टिपून ठेवायचे. "भिया, पिछली बार से दो कम दिए," असं म्हणत ते दुकानात शिरायचे, आणि दादा हसत पाना हातात घ्यायचा.

त्या शेवटच्या शनिवारी मी दुकानात होतो. मास्तर म्हणाले, "भिया, थोड़ा और खींच दो. एक बार देखना है कहाँ तक जाता है."

दादानं एक नंबर लहान जेट टाकला, गाडी फिरवून आणली, प्लग पाहिला. मग हात पुसत त्यानं सांगितलं, "मास्तरजी, बस. अब इसके नीचे नहीं जाऊँगा. और सुनो, चढ़ाव पे लंबा मत खींचना. गरम लगे तो रुक जाना."

"जी, मिस्त्रीजी," मास्तर वर्गातल्या मुलासारखे म्हणाले आणि हसत गेले.

सोमवारी दुपारी बातमी आली. चापडा गावाच्या पुढे घाटात मास्तरांच्या गाडीचं मागचं चाक एकदम जाम झालं. गाडी आडवी झाली. मागून येणाऱ्या ट्रकला थांबता आलं नाही, की ड्रायव्हरनं तो थांबवला नाही, कोण जाणे. ट्रक सापडला नाही. मास्तर जागेवरच गेले.

दादा कन्नोदच्या दवाखान्यात गेला, तिथून पोलीस थाण्यावर गेला, गाडी पाहून आला. मी तोपर्यंत धारला परतलो होतो. फोनवर तो एवढंच म्हणाला, "इंजिन सीझ झालंय."

सीझ होणं म्हणजे पिस्टन चिकटणं. पिस्टन चिकटला की चाक फिरत नाही.

मास्तरांच्या घरच्यांनी दादाला काही म्हटलं नाही. पोलिसांनीही नाही. सगळ्यांच्या लेखी तो ट्रकचा अपघात होता. पण बाजारातला एक मिस्त्री चहाच्या टपरीवर चार लोकांत म्हणाला, "पतला कर-कर के मार डाला मास्टर को." ते दादाच्या कानावर आलं. येणारच होतं. पुढच्या सुटीत मी घरी गेलो तर दादा दुकानात बसलेला, पण समोरच्या गाडीला हात लावत नव्हता. वहिनी मला आत बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, दोन घास खाऊन उठतात. तुम्ही बोला त्यांच्याशी."

मी बोलायच्या आधी दादाच बोलला.

"तुझ्याकडे ते मशीन आहे ना? धूर बघून मिक्चर सांगतं ते?"

त्याला मीच मागे कधीतरी फुशारकीनं सांगितलं होतं. नव्या मोटारींत सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसवलेला असतो, स्पार्क प्लगसारखाच दिसतो, बोटाएवढा. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय ते तो ओळखतो आणि त्याप्रमाणे बारीकशी वीज तयार करतो. मिक्चर दाट असेल तर मीटरवर पॉइंट नऊपर्यंत आकडा जातो, पातळ असेल तर पॉइंट एकच्या आसपास पडून राहतो. मधला पॉइंट पंचेचाळीस म्हणजे बरोबर. मोटारीतला कॉम्प्युटर तो आकडा वाचून पेट्रोल कमी-जास्त करतो, सेकंदाला कितीतरी वेळा. "पुढे मिस्त्रीचा कान लागणारच नाही," असंही मी तेव्हा म्हटलं होतं. दादानं "बरं," म्हटलं होतं.

आता तो म्हणत होता, "मला सांग. माझ्या मिक्चरमुळे झालं की नाही ते बघून सांग. लोक काहीही बोलतात. तुझं मशीन तर खोटं नाही बोलणार."

"प्लग पाहिलास?" मी विचारलं.

"फुटलाय. चुरा झालाय त्याचा. काही दिसत नाही."

मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर दुःखाच्या जोडीनं मला थोडा उत्साहही होता. कारखान्यात जे शिकलो ते पहिल्यांदाच घरच्या कामी येणार होतं. आमच्या विभागातला एक वापरलेला सेन्सर भंगारात जायचा होता, तो मी स्टोअरवाल्याला विचारून घेतला. मास्तरांची गाडी तोवर थाण्यातून सुटून त्यांच्या धाकट्या भावाच्या ताब्यात गेली होती. दादानं त्यांच्याकडून कार्ब्युरेटर मागून आणला. तो शाबूत होता, आतला जेट दादानं बसवलेला तसाच, स्क्रू त्याच फेऱ्यावर. दादाकडे स्वतःची त्याच मेकची गाडी होती. तिच्या पाइपाला भोक पाडून आम्ही एक नट वेल्ड करून घेतला आणि त्यात सेन्सर बसवला. वेल्डर काम करत होता तेव्हा पाइप दादानंच धरला होता. ठिणग्या हातावर उडत होत्या तरी त्यानं हात हलवला नाही.

रविवारी दुपारी आम्ही भोपाळ रोडला निघालो. दादा गाडी चालवत होता. मी मागे, मांडीवर मल्टिमीटर, त्याच्या तारा माझ्या पायाखालून पाइपापर्यंत गेलेल्या. सेन्सर तापल्याशिवाय बोलत नाही, म्हणून आधी दहा किलोमीटर तसंच गेलो. मग मी दादाच्या खांद्यावर थोपटलं आणि त्यानं गाडी खेचली.

आकडा पॉइंट शून्य आठ. मग पॉइंट एक. पुन्हा पॉइंट शून्य नऊ. रेस वाढव, कमी कर, काही केलं तरी तो वर जाईना.

रस्त्याच्या कडेला आम्ही थांबलो. दोन्ही बाजूंना कापलेलं गव्हाचं रान होतं. दादानं हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पातळ आहे, दादा," मी म्हणालो. "खूपच पातळ आहे."

तो वाकून कार्ब्युरेटरकडे बघू लागला. मग म्हणाला, "एकदा माझा कार्ब्युरेटर लावून बघू? याच गाडीचा? तो बराबर आहे, त्याचा प्लग बदामी आहे."

या वाक्यावर मी पुढे कितीदा आलो असेन त्याला गणती नाही. तो आठवी शिकलेला माणूस होता आणि बरोबर बोलत होता. माहीत असलेल्या गोष्टीवर आधी मीटर लावून बघावं, मग माहीत नसलेल्या गोष्टीवर लावावं. कोणत्याही तपासणीचा हा पहिला नियम आहे आणि मी तो नोकरीत रोज पाळत होतो. पण त्या दुपारी मला वाटलं, दादाला सत्य सोसवत नाहीये म्हणून तो पळवाट काढतोय. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "काय गरज आहे? आकडा साफ आहे. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. तू सांगितलं होतंस ना त्यांना, चढावावर खेचू नका म्हणून."

"सांगितलं होतं," दादा म्हणाला. मग त्यानं गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांच्या घरी गेला. मला सांगून गेला असता तर मी अडवलं असतं. मास्तरांच्या पत्नी ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. दादानं उभ्यानंच त्यांना सगळं सांगितलं. जेट, मिक्चर, मीटरचा आकडा. त्यांना त्यातलं किती कळलं माहीत नाही, पण शेवटचं वाक्य कळलं: गाडी माझ्यामुळे जाम झाली.

दादानं घरी येऊन त्यांचे शब्द वहिनींना जसेच्या तसे सांगितले. वहिनींनी मला. "अब तक मैं उस ट्रक को कोसती थी, भैया. उसका कोई मुँह नहीं था. अब आपका मुँह दिखेगा मुझे. आप यहाँ मत आना."

दादानं दुकान बंद केलं. आधी वाटलं चार दिवसांसाठी असेल. मग महिना गेला. मंडीत आलेले लोक गाडी घेऊन यायचे, बंद फळी बघून आमच्या घराचा पत्ता विचारत यायचे, आणि दादा दारातूनच "काम छोड़ दिया" म्हणून त्यांना परत पाठवायचा. हत्यारं त्यानं दुसऱ्या मिस्त्र्याला देऊन टाकली. त्या टपरीवर बोलणाऱ्यालाच. स्वतःची गाडीही विकली. कुठे जायचं झालं तर पायी नाहीतर बसनं. गाडीचा आवाज आला की पूर्वी तो आपोआप मान वळवायचा आणि "याचा स्क्रू ढिला आहे" असं काहीतरी पुटपुटायचा. आता मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

वहिनींचं माहेर धरमपुरीचं. धार जिल्ह्यात, नर्मदेवर. त्यांचे पणजोबा धारच्या दरबारच्या नोकरीत तिकडे गेले ते तिथलेच झाले. वर्षभरानं दादा-वहिनी मुलीला घेऊन तिकडे राहायला गेले. वहिनी शिवणकाम करू लागल्या. दादाला नदीवर काम मिळालं. पलीकडे जाणाऱ्या नावेत माणसांबरोबर मोटरसायकलीही चढवतात, फळी टाकून. त्या गाड्या इंजिन बंद करून ढकलत चढवायच्या आणि पैलतीरी उतरवायच्या, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं ज्यानं आवाजावरून गाडीची नाडी ओळखली तो आता बंद गाड्या ढकलत होता. निघताना वहिनी मला फक्त एकदा म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी विचारलं होतं हे खरं. पण तुम्ही एवढ्या घाईनं उत्तर द्यायला नको होतं." त्यांना तंत्रातलं काही माहीत नव्हतं. तरी त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

पुढे दोनेक वर्षांनी आमच्या विभागात एक नवे इंजिनिअर आले. वयस्क, कमी बोलणारे, पुण्याहून आलेले. टू-स्ट्रोकच्या एका जुन्या मॉडेलची धुराची तपासणी त्यांच्याकडे आली आणि मदतीला मला दिलं. तोवर माझं सगळं काम फोर-स्ट्रोक इंजिनांवर झालं होतं. पहिल्याच दिवशी मी आपणहून म्हणालो, "सर, पाइपात ऑक्सिजन सेन्सर लावून बघू का? मिक्चर लगेच कळेल."

त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "टू-स्ट्रोकला तो लावत नाहीत. खोटं सांगतो."

"म्हणजे?"

"टू-स्ट्रोकमध्ये आत येणारी ताजी हवा आणि बाहेर जाणारा धूर एकाच वेळी चालू असतात. थोडी ताजी हवा न जळताच सरळ पाइपात निघून जाते. सेन्सर काय बघतो? ऑक्सिजन. त्याला ही हवा दिसते आणि तो म्हणतो, पातळ. मिक्चर कसंही असो, तो पातळच म्हणणार. वरून तेलाचा थर बसतो तो वेगळाच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का हो? बरं नाही वाटत का?"

मी काहीतरी बोलून बाहेर आलो. नळावर जाऊन तोंड धुतलं. मग पुन्हा आत गेलो, कारण जायचंच होतं.

मला ते ऐकून पुरेसं नव्हतं. आठवड्याभरात मी त्यांची परवानगी घेऊन जुन्या स्टॉकमधली एक टू-स्ट्रोक गाडी बेंचवर चढवली. मिक्चर अगदी कारखान्याच्या मापाचं. सेन्सर लावला, तापू दिला. आकडा पॉइंट एक. मग मी मुद्दाम मोठा जेट टाकला. गाडी निळा-काळा धूर ओकू लागली, खोली भरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आकडा पॉइंट एक दोन. मी आणखी मोठा जेट टाकला. इंजिन बंद पडलं, पण आकडा वर गेला नाही.

दादाचा कार्ब्युरेटर त्या दुपारी लावून बघितला असता तर तोही पातळच दिसला असता. आणि प्लग तर बदामी होता. पाच मिनिटांत आम्हाला कळलं असतं की मीटर चुकतोय.

हे दादाला सांगायला मला अकरा महिने लागले. त्याचं कारण मी स्वतःला वेगवेगळं सांगत राहिलो. आता तो सावरलाय, जखम का उघडायची. गाडी तर भंगारात गेली, काही सिद्ध होणार नाही. वहिनींची तब्येत, मुलीची परीक्षा. दिवाळीला धरमपुरीला जाऊन चार दिवस राहून आलो, रोज त्याच्याबरोबर नदीवर गेलो आणि बोललो नाही. खरं कारण एकच होतं. तो मला जे विचारायला आला होता ते मी त्याला चुकीचं सांगितलं होतं, आणि तेही त्यानं दाखवलेला बरोबर रस्ता बंद करून. हे तोंडानं म्हणायचं धाडस होत नव्हतं.

शेवटी उन्हाळ्यात गेलो. दुपारी नाव पलीकडे गेली होती आणि दादा घाटाच्या पायरीवर सावलीत बसला होता. मी शेजारी बसलो आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. सरांचं बोलणं, बेंचवरची तपासणी, धूर, आकडे. तो पाण्याकडे बघत ऐकत होता. मध्येच त्यानं मिस्त्रीसारखे दोन प्रश्न विचारले. जेट किती नंबरचा टाकलास? सेन्सर तापला होता ना? मी उत्तरं दिली.

"मग काय झालं होतं?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. तुझं मिक्चर असू शकतं. पंपावर तेल कमी पडलं असेल. क्रँकची सील फाटून बाहेरची हवा शिरली असेल. तेव्हाच इंजिन उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं."

"इंजिन नाही."

"नाही."

"म्हणजे माझ्यामुळे असेल. आणि नसेलही."

"हो."

त्यानं नाव कुठवर आली ते पाहिलं. मग म्हणाला, "तू तेव्हा सांगितलंस तेव्हा निदान एक काहीतरी होतं माझ्याकडे. वाईट होतं, पण पक्कं होतं. मी त्याच्याबरोबर राहायला शिकलो होतो." आणि लगेच, माझ्याकडे न बघता: "कधी कळलं तुला हे?"

मी खरं सांगितलं.

"दिवाळीला माहीत होतं?"

"हो."

नाव ऐलतीराला येत होती. दादा उठला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि फळी टाकायला गेला. तीन गाड्या होत्या, त्या एकेक करून उतरवल्या. मी बसून राहिलो. तो परत आला नाही तेव्हा मी बस पकडून धारला आलो.

त्यानंतर मला एकच गोष्ट करण्यासारखी दिसत होती. मास्तरांच्या पत्नींना अनुकंपा तत्त्वावर खातेगावच्या शाळेतच, कार्यालयात नोकरी मिळाली होती. मी तिकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच तो रस्ता पूर्ण केला, बसनं, घाटात खिडकीतून बाहेर न बघता. शाळा सुटल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात खुर्ची दिली. मी म्हणालो, मीटर मी लावला होता, आकडा चुकीचा होता, भावानं तुम्हाला जे सांगितलं ते माझ्या सांगण्यावरून सांगितलं, आणि खरं काय झालं ते आता कोणालाच कळणार नाही.

त्यांनी पदर नीट केला. केस बरेच पिकले होते.

"उस शनिवार उन्होंने घर आकर बताया था," त्या म्हणाल्या. "हँस रहे थे. बोले, मिस्त्री डाँटता है, कहता है चढ़ाव पे मत खींचना." त्या थांबल्या. "सोमवार को स्कूल में निरीक्षण था. निकलने में देर हो गई थी. मैंने ही कहा, जल्दी जाओ, गाड़ी भगाओ, साहब आ जाएँगे. मैंने कहा था." मग दारातून आत कोणी आहे का ते पाहून अगदी हळू म्हणाल्या, "आपके भैया आए तो मुझे लगा, चलो, कोई और है. मैंने उन पर रख दिया. इतने साल रखे रखा."

निघताना त्यांनी सांगितलं, "उनसे कहना एक बार आ जाएँ."

मी तो निरोप दादाला फोनवर सांगितला. समोर जाऊन सांगायची हिंमत झाली नाही. तो "हं" म्हणाला आणि फोन वहिनींकडे दिला.

तो गेला. एकटाच, दोन बस बदलून, आणि दुसऱ्या दिवशी परतला. वहिनींनी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "चहा दिला त्यांनी." त्यापुढे त्यांनी विचारलं नाही. त्या दुपारी तो जेवून आडवा झाला आणि ऊन उतरेपर्यंत झोपला. इतक्या वर्षांत दिवसा त्याचा डोळा लागलेला पाहिला नव्हता, असं वहिनी मला म्हणाल्या.

दुकान त्यानं पुन्हा उघडलं नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाला, "आता कान राहिला नाही." ते खरं होतं की नाही हे मी तपासायला गेलो नाही. मुलीच्या लग्नात त्यानं मला शेजारी बसवून घेतलं, धाकट्या भावाचा सगळा मान नीट केला आणि माझ्या पानात स्वतः जिलबी वाढली. माझ्या तोंडून माफीचा शब्द नदीच्या घाटावरही निघाला नव्हता आणि नंतरही निघाला नाही. त्यानंही तो मागितला नाही. आम्ही पाऊसपाण्याचं, मुलीच्या सासरचं, वहिनींच्या गुडघ्यांचं बोलतो. गाड्यांचं बोलत नाही.